घड्याळातली जुनी हवा

तांदळाच्या डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. दुपारची शांतता गेली. स्पृहा झोपलीय अशा समजुतीनं मी वही उघडली होती. वाक्य अर्धंच टाकून स्वयंपाकघरात गेले, तर ती कोपरापर्यंत तांदळात हात घालून बसलेली.

"आजीचं घड्याळ सुकलं का बघते," म्हणाली.

सुकलं नव्हतं. काचेच्या आत बारीक थेंब होतेच. वर चावीच्या खाचेत पांढरी पूड जाऊन बसली होती.

चूक माझी. आई पाण्याला हात लावायच्या आधी घड्याळ काढून फळीवर ठेवायची. परळच्या हॉस्पिटलात तीस वर्षं सिस्टर होती, तिथली सवय. मी सोमवारी बालवाडीच्या घाईत ते मनगटावर तसंच ठेवून स्पृहाला गरम पाण्यानं आंघोळ घातली. जिना उतरले तेव्हा तबकडी धुक्यात गेलेली. शेजारच्या मीराबाई म्हणाल्या, "तांदळात पुर. माझा मोबाइल तसाच वाचला."

आईला जाऊन पाच वर्षं झाली. स्पृहा तेव्हा पोटात होती. त्या दिवसांत आई ड्युटीवरून यायची, चपला काढायच्या आधी माझं मनगट धरायची आणि याच घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळे ठेवून नाडी मोजायची. तेवढं एक मिनिट घरात कुणी बोलायचं नाही. मग हात सोडून म्हणायची, "ठीक आहे. जेवलीस का?" त्या एका मिनिटासाठी मी अजून रोज सकाळी घड्याळाला चावी देते.

स्पृहाला घेऊन चालत चिंचपोकळीला गेले. स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत, जिन्याखाली, रामदासकाकांचं दुकान. म्हणजे एक काचेची पेटी आणि तिच्यामागे ते. आईचं घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हाती कधी गेलंच नाही. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चावीची खाच पाहिली.

"तांदळात ठेवलं होतंस, माया?"

"हो."

"बोरिक लावलेल्या?"

वर्षाच्या तांदळाला आम्ही बोरिक पावडर चोळतो. डोक्यातच आलं नाही.

"चला, घड्याळाला किडे तरी होणार नाहीत."

काही न कळताच स्पृहा हसली.

"उघडावं लागेल," काका म्हणाले. "पाणी आतल्या हवेत आहे. काच गार झाली की त्याचे थेंब होतात. असंच बंद ठेवलंस तर काटे गंजतील. आधी सेकंदकाटा जाईल, तोच सगळ्यात नाजूक. आतली हवाच बदलायला हवी."

"शेवटचं कधी उघडलं होतं?"

"मीच उघडलं असणार. तुझ्या आईसमोर."

"म्हणजे आत आईच्या वेळची हवा आहे," मी म्हणाले. पाणी आत शिरतं तिथून हवाही केव्हाच गेली असणार, एवढं मलाही कळत होतं. तरी मी हात पुढे करून घड्याळ परत घेतलं. "न उघडता नाही का जमणार, काका?"

"जमेल की. कपाटात ठेव. शोभून दिसेल." मग भिंग काढून जरा हळू म्हणाले, "सिस्टरनं हे नाडी मोजायला घेतलं होतं, पोरी."

मी घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

झाकण निघताना अगदी बारीक आवाज झाला. मी नकळत पुढे वाकले. कसलाच वास आला नाही. झाकणाच्या आत सुईनं कोरलेली तारीख काकांनी दिव्याखाली धरली. आई गेली त्याच्या अकरा दिवस आधीची.

"आठवलं," काका म्हणाले. "इथंच उभी होती. म्हणाली, रामदास, नीट साफ कर. मायाला कळा सुरू झाल्या की मला मिनिटं मोजायचीत. तेव्हा हे मागं पडून चालायचं नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या कळा मी समोरच्या भिंतीवरच्या कुठल्याशा घड्याळावर मोजल्या होत्या, एकटीनं.

तासभर आम्ही बाकड्यावर बसून होतो. काकांनी रबरी फुग्यानं वारा घातला, सगळं दिव्याच्या उबेत सुकवलं, नवी रबरी रिंग बसवली. झाकण लावायच्या आधी जुन्या तारखेशेजारी आजची तारीख कोरली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला राहवलं नाही. ओट्यावर टेकले, स्पृहाचं मनगट हातात घेतलं, बोटं जुळवली. काच स्वच्छ होती. सेकंदकाटा चालत होता. मी मोजू लागले. स्पृहाही श्वास धरून काट्याकडे बघत राहिली, जणू तिला कुणी शिकवलंच होतं. सव्वीस, सत्तावीस...

"आई," ती म्हणाली, "आजीची हवा तर काकांच्या दुकानात राहिली. मग आता आत कुणाची आहे?"