हवालातीतला जावई

निजाम सरकारनं भगवानरावांना युसूफ वडगावच्या ठाण्यावर अमीन म्हणून नेमलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. एक तर ठाण्याचं सगळ्यात वरचं पद, आणि गाव नेमकं सासुरवाडीचं. लोक आपल्याला घरचाच मानतील, असं त्यांना वाटलं. बिचारे! आधीच्या अमिनांनी अशी दहशत बसवली होती की ठाण्यापुढून जाताना माणसं माना खाली घालत. बैल चोरीला गेला तरी धनी तोंड शिवून बसे. चोर परवडला पण ठाणं नको, असा गावचा शहाणपणा.

भगवानरावांनी वेठ बंद केली. जवानांना पोचणारं फुकटचं दूधकोंबडं बंद केलं. ठाण्याच्या दारात गार पाण्याचा रांजण ठेवला, पण त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. शिवारात बैलचोरांची टोळी हिंडत होती आणि लोक बोलल्याशिवाय ती सापडणार नव्हती. माणूस मनातून फार कष्टी झाला.

तेवढ्यात धुळवड आली. त्या दिवशी गावच्या एका जावयाला गाढवावर बसवायचं, गळ्यात फाटक्या पायताणांची माळ घालून मिरवायचं, आणि मारुतीच्या पारावर नवा पोशाख देऊन त्याचा मान करायचा, अशी तिथली रीत. भगवानरावांना वाटलं, आपण बसलो की लोकांची भीती मोडेल. सकाळीच पट्टा-बिल्ला लावून ते पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "बसवा मला."

लोकांनी बसवलं. सटवा कुंभारानं भीतीपोटी गाढवाला न्हाऊ घातलं होतं. माळेतली पायताणं नवी कोरी होती. हलगी मयतीला वाजावी तशी वाजली, आणि एकही माणूस हसला नाही.

घरी बायकोनं, वत्सलाबाईंनी मात्र पोट धरधरून हसून घेतलं. "आवो, आपल्या पायानं चालत आल्याला जावई कुनी बगितलाय का? जावयानं पळायचं, गावानं हुडकायचं, मंग मजा. तुमी तर हुकूम सोडला. हुकमावर कोन हासंल?"

"अमीन असून पळू?"

"अमीन न्हाई, जावई पळतो."

पुढच्या होळीला अमीनसाहेब गायब झाले. गाव आधी चपापलं. मग सासरे त्रिंबकराव पारावर येऊन गरजले, "जावई पळालाय माजा! बसून काय ऱ्हायलात रं?"

मग काय, गाव उधळलं. कडब्याच्या गंजी उपसल्या, विहिरींत डोकावून झालं, मांजरसुंब्याच्या वाटेवर पोरं धावली. धुळवडीची दुपार कलली तरी जावयाचा पत्ता नाही. शेवटी म्हाताऱ्या चतुराबाई म्हणाल्या, "एकच जागा ऱ्हायली, जितं आपल्यातलं कुनी जात न्हाई." सगळ्यांच्या माना ठाण्याकडे वळल्या.

भगवानराव हवालातीत बसले होते, स्वतःला कोंडून घेऊन. बाहेर पावलं आली आणि उंबऱ्याशी थांबली. लोक आता मागं फिरले, तर उरलेली नोकरी अशीच रिकाम्या ठाण्यात काढायची, हे त्यांना कळून चुकलं.

मग उंबऱ्यावर काठी आपटली. "सरा बाजूला," चतुराबाईंचा आवाज आला. "ठाणं सरकारचं आसंल. जावई आमचा हाय."

आणि गाव आत घुसलं. पहाऱ्यावरच्या जवानानं भिंतीला पाठ लावून वाट दिली. कुलपाची किल्ली निघाली वत्सलाबाईंच्या कमरेला, इतका वेळ बाई मुकाट्यानं गावासोबत नवरा शोधत होत्या! भगवानरावांनी गज धरून ठेवले, हातपाय झाडले, पण चौघांनी त्यांना उचलून गाढवावर टाकलंच. यंदाची माळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायताणांची होती, तिच्या वासानं डोळ्यांत पाणी यावं अशी. हलगी कडाडली. बायका दारादारांतून पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि भगवानरावांना इतकं सुख सरकारनं हुद्दा दिला तेव्हाही झालं नव्हतं.

वेशीपाशी गहिनीनाथ गाढवाच्या कानाला धरून चालता चालता जवळ सरकला. गेल्या वर्षी हा पारावर मान खाली घालून उभा होता. "जावईबापू," तो हळूच म्हणाला, "पौषात माजी बैलजोडी गेली. कुनी नेली ते मला ठाव हाय."

"बोल," भगवानराव म्हणाले.

त्याचं बघून मागचा पुढं आला, मग त्याच्या मागचा. ज्याला त्याला आपला बैल आठवला. जवान घाईनं जवळ आला. "साहेब, मिरवणूक थांबवू का?"

"खबरदार," अमीनसाहेब माळ सावरत म्हणाले. "अजून अर्धं गाव बोलायचं राहिलंय."