चौथी घंटा

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. माझा जन्म बोलण्यासाठी झाला, पण उभं आयुष्य नुसतं वाजण्यात गेलं.

कारखान्यात माझी घंटा तपासणारी बाई म्हणाली होती, "खणखणीत आहे हा." ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही. तिथून मी एका घड्याळजींच्या घरी आलो. घरात माणसं दोनच, घड्याळजी आणि शिवणकाम करणारी त्यांची लेक. बायको गेल्यापासून घड्याळजींना दर रविवारी एकट्यानं डोंगर चढायचं वेड लागलं होतं, आणि इकडे लेकीचा जीव टांगणीला. त्यांचा मोबाइल जुना, वर गेलं की बॅटरी हां हां म्हणता उतरायची. म्हणून बापलेकीनं मिस्ड कॉलच्या खुणा ठरवल्या. एक घंटा म्हणजे पायथ्याशी पोहोचलो. दोन म्हणजे माथ्यावर. तीन म्हणजे खाली उतरलो, आंघोळीचं पाणी ठेव. उचलायचं मात्र नाही.

शेजारच्या काकू विचारायच्या, "बाबा उतरले का गं?"

"हो, तीन वाजले."

काकू भिंतीवर बघायच्या. "अगं, आत्ता कुठे दोन होतायत. घड्याळजींच्या घरात तरी वेळ नीट सांगत जा."

मलाही हसू यायचं. पण खरं सांगू का, मला फार एकटं वाटायचं. बाकी सगळे तिच्या मोबाइलवर बोलायचे. खुणांचा घोटाळा नको म्हणून माझा नंबर फक्त बाबांकडे होता. रविवारभर तिचे कान माझ्याकडे असायचे, हात कधीच नाही.

अशाच एका रविवारी सकाळी एक घंटा झाली, मग दोन झाल्या. दुपारी मी पुन्हा वाजू लागलो. तिसरी घंटा होताच ती मशीनवरून उठली, न्हाणीघरात गेली आणि तिनं नळ सोडला. मी चौथ्यांदा वाजलो. पाचव्यांदा वाजलो. जीव तोडून अकरा वेळा वाजलो. बादलीत धो धो पाणी पडत होतं. तिला काही ऐकू गेलं नाही. मग पलीकडची बॅटरी संपली आणि मी गप्प झालो.

संध्याकाळपर्यंत पाणी निवून गेलं, बाबा आले नाहीत. शोधायला निघालेल्या वनरक्षकाला ती ठामपणे म्हणाली, "ते खाली उतरलेत. तीन घंटा मी स्वतः मोजल्यात." त्यामुळे माणसं पायथ्याच्या वाटा धुंडाळत राहिली. घड्याळजी वर एका कड्याखाली मोडलेला पाय घेऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका गुराख्याला सापडले. डॉक्टर म्हणाले, कालच आणलं असतं तर पाय वाचला असता.

घरी आल्यावर ती त्यांच्यापाशी बसून रडली. "बाबा, तुम्ही बोलावत होतात आणि मी पाणी तापवत होते."

"तुझी काय चूक?" ते म्हणाले. "चौथ्या घंटेचं आपण काही ठरवलंच नव्हतं."

आता ते खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा डोंगर सुटला, तसा मीही सुटलो. मला कोणी वाजवत नाही. तरी दर रविवारी दुपारी ती मशीन थांबवते, माझ्यावरची धूळ पुसते, रिसीव्हर उचलून कानाला लावते. किती वर्षं मी त्या हाताची वाट पाहिली होती. आता तो येतो, आणि पलीकडे कोणी नसतं.

मित्रांनो, खुणा जरूर ठरवा. पण आपल्या माणसाचा फोन वाजत राहिला, तर मोजत बसू नका. उचला.