छताचा मधला भाग

फडकं निळं झालं, तसा सीब्रेनचा हात थांबला. त्याने फडकं उलटं करून पाहिलं. ती बाजूही निळी होती. गाडीचा रंगच निघून येतोय, असं त्याला वाटलं आणि फडकं पाठीमागे धरून तो उभा राहिला, जणू कुणाचं तरी भांडं त्याच्या हातून फुटलं होतं.

"लपवू नका काका, मला दिसलंय," लीस्बेट म्हणाली. ती त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. बंदरातल्या नावा रंगवायच्या कारखान्यात ती पॉलिशचं काम करायची आणि या आठवड्यात संध्याकाळी काकाच्या मदतीला येत होती. तिने त्याला समजावलं, की हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लाखेचा थर असतो, या जुन्या डाफ गाडीवर तसा नाही. इथे रंग हाच सगळ्यात वरचा थर. तो वरून मरतो, त्याची खडूसारखी भुकटी होते, आणि फडक्यावर येते ती हीच भुकटी. खालचा रंग अजून जिवंत आहे.

मग तिने दाराच्या पत्र्यावर तळहाताएवढा तुकडा घोटून दाखवला. आधी तिथे धुरकट पांढुरकेपणा होता, मग ओलसर निळा रंग आला, आणि शेवटी त्या तुकड्यात गॅरेजची खिडकी दिसायला लागली. खिडकीशेजारी एक टकलू म्हातारा वाकून बघत होता. सीब्रेनने त्याच्याकडे बघून मान हलवली.

शनिवारी त्याच्या आणि रिंस्केच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. लग्नाच्या दिवशी चर्चमधून दोघं याच गाडीने निघाले होते, तेव्हा ती महिन्याभराची होती आणि बॉनेटवर ढग दिसायचे. तशीच ती पुन्हा दिसावी, रिंस्केला शेजारी बसवून सगळ्या आल्डेसिल गावातून आणि समुद्राच्या बांधावरून एक चक्कर मारावी, एवढंच त्याच्या मनात होतं. रिंस्के चार दिवस बहिणीकडे हार्लिंगनला गेली होती, तिथे तिचा नवा पोशाख शिवून घेणं चाललं होतं. गॅरेजला कुलूप होतं आणि किल्ली सीब्रेनच्या खिशात.

लीस्बेटने एक लहानसं यंत्र काढलं आणि पत्र्याला ठिकठिकाणी टेकवून रंगाची जाडी बघितली. तिचा चेहरा जरा गंभीर झाला.

"चकाकी येईल. पण ही शेवटची. यानंतर घासायला रंगच उरणार नाही."

दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर तिने कागदी पट्ट्या चिकटवल्या. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. मग गाडी कशाने धुता म्हणून विचारलं.

सीब्रेनने नेहमीचं उत्तर दिलं: समुद्र जवळ आहे, खारा वारा आहे, त्याने रंग गेला. हे उत्तर त्याने इतक्या वर्षांत इतक्या जणांना दिलं होतं की त्याच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडायचं. लीस्बेट एका स्टुलावर चढली आणि छताकडे बघत राहिली.

"गंमत बघा काका. ऊन सगळ्यात जास्त छतावर पडतं. म्हणजे छताचा मधला भाग सगळ्यात खराब हवा. पण तोच सगळ्यात चांगला आहे. कडेकडेने मात्र रंग पार मेलाय, चारही बाजूंनी, एका ठरावीक अंतरापर्यंत." तिने हात लांब करून ते अंतर मोजल्यासारखं केलं. "कुणीतरी बुटकं माणूस जोर लावून घासत होतं. त्याचा हात मधे पोचत नव्हता."

सीब्रेन फडक्याची घडी घालत राहिला. घडी नीट होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"सोडा," तो शेवटी म्हणाला. "धुण्याचा सोडा आणि पायरी घासायचा ब्रश."

लीस्बेटला हसू आलं. पण काकाचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

रिंस्केचा जन्म नावेवरचा. तिचे वडील कालव्यांतून कोळसा आणि बटाटे वाहून न्यायचे, आणि अख्खं कुटुंब त्या नावेच्या मागच्या खोलीत राहायचं. सीब्रेन तेव्हा आल्डेसिलच्या पुलावर नुकताच कामाला लागला होता. नाव आली की पूल उचलायचा, आणि काठीला दोरीने बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा. नाववाले त्यात पुलाच्या पट्टीची नाणी टाकायचे. एकदा खालून बूट वर आला तो ओला. सीब्रेनने वाकून पाहिलं, तर एक बुटकी मुलगी हातात फडकं घेऊन उभी होती. बूट आतून केवढा मळला होता, असं तिने त्याला खालूनच सुनावलं. पुढच्या खेपेला सीब्रेनने बूट मुद्दाम चिखलात बुडवून सोडला. गावात त्यांच्या लग्नाची गोष्ट इथूनच सुरू व्हायची, आणि ती सांगताना लोक खूप हसायचे.

जे लोक सांगायचे नाहीत, ते सीब्रेनला लग्नानंतर कळलं. नावेवरची मुलं हिवाळ्यात कालवा गोठला की जवळच्या गावच्या शाळेत बसायची. तिथे त्यांना मागच्या बाकावर बसवत. एका बाईंनी रिंस्केच्या वेण्या पेन्सिलीच्या टोकाने उचलून पाहिल्या होत्या, उवा आहेत का म्हणून, सगळ्या वर्गासमोर. ती हे एकदाच बोलली आणि तेही भांडी विसळत, पाठ करून. लग्न झाल्यापासून दर शनिवारी ती घराची पायरी, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, खिडक्यांच्या चौकटी आणि शेवटी गाडी, या क्रमाने सगळं सोड्याच्या पाण्याने घासायची. गावातली एकही पायरी तिच्या पायरीएवढी पांढरी नव्हती.

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर एका शनिवारी सीब्रेनने तिची बादली उचलली, तर पाणी निळसर दिसलं. त्याला लगेच कळलं. आज सांगू, असं ठरवून तो आत गेला. रिंस्के बेकरीतून येऊन टेबलाशी बसली होती. रांगेतली कुणीतरी बाई दुसरीला म्हणाली होती की पुलावरच्याने नावेवरची बायको केली, पण गाडी मात्र काय स्वच्छ ठेवते. रिंस्केने ते वाक्य दोनदा सांगितलं. त्यातला पहिला भाग तिने ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून बाजूला ठेवला होता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून सीब्रेनने बादली मोरीत ओतली. पुढच्या वर्षी गाडीची चकाकी कमी झाली, तेव्हा तो पहिल्यांदा खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलला.

चार संध्याकाळी काका-पुतणीने काम केलं. लीस्बेटने त्याला शिकवलं, की हात गोल फिरवायचा नाही, सरळ फिरवायचा. दाबायचं नाही, पॉलिशला त्याचं काम करू द्यायचं. तरी बॉनेटच्या एका कडेवर कागदी पट्टी सुटली आणि त्याच्या लक्षात येईपर्यंत मसुरीच्या डाळीएवढा करडा ठिपका उघडा पडला, रंगाखालच्या अस्तराचा. बाकी गाडी मात्र उजळत गेली. गुरुवारी मेण लावून झालं तेव्हा लीस्बेटने दिवा बॉनेटवर धरला. आतून दुसरा दिवा त्यांच्याकडे बघत होता.

"आता काकूला सांगायला हवं," ती म्हणाली. "परवा शनिवार आहे. ती सकाळी उठून ब्रश घेऊन येणार. एकदाच घासलं तरी ओरखडे उठतील, आणि ते काढायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो."

शुक्रवारी रिंस्के परतली. सीब्रेन सांगायला निघाला, तर तिने पोशाख घालून दाखवायला घेतला. मग वाटाण्याच्या सूपचं जेवण झालं, मग शेजारी आले. त्यांनी दाराभोवती पाइनच्या फांद्यांची कमान बांधली, तिच्यावर कागदी गुलाब लावले, वर सोनेरी पन्नासचा आकडा. प्रत्येकाला दारूचा एकेक पेला आणि गुलाबी साखरेचा केक द्यावा लागला. शेजारी गेल्यावर ती इतकी खुशीत होती, की सीब्रेनने सकाळी सांगायचं ठरवलं.

सकाळी तो जागा झाला तो ब्रशच्या आवाजाने. शेजारची उशी गार होती. पाइनच्या काड्या पायरीवर पडल्या होत्या आणि रिंस्के ती घासत होती. मग कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाचा आवाज आला. सीब्रेनने खुर्चीवरच्या विजारीचा खिसा चाचपला; किल्ली नव्हती.

तो सपाता घालून अंगणात पोचला तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. रिंस्के आत उभी होती, बादली अजून हातातच. सकाळचा उजेड गाडीवर पडला होता.

"सीब्रेन," ती न वळता म्हणाली, "ही आपलीच ना?"

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. दारात तिला ती स्वतः दिसली, कपाळावरचं फडकं, बाह्या वर सारलेल्या. तिने फडकं सरळ केलं. तू केलंस का, म्हणून विचारलं, आणि तो हो म्हणाला तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग तिने बादली खाली ठेवली आणि ब्रश बुडवला. छान झाली आहे, पण काल एवढे लोक अंगणात नाचून गेले, धूळ बसली असेल, असं ती म्हणाली.

"राहू दे, रिंस्के."

"एक हात फिरवते फक्त."

"नको. सोड्याने मरतो गं रंग."

ब्रशमधून पाणी ठिबकत होतं. रिंस्केने आधी ब्रशकडे पाहिलं, मग गाडीकडे. सीब्रेनने पुढचं सगळं एका दमात सांगितलं: रंग आता किती पातळ आहे, ही चकाकी शेवटची कशी आहे, ब्रशचे ओरखडे. छताच्या मधल्या भागाबद्दल मात्र तो बोलला नाही. पण तिची नजर आपसूक तिकडे गेली. तिचा हात कुठवर पोचतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"आणि इतकी वर्षं तू वाऱ्याला बोल लावलास."

"वाऱ्याला काय फरक पडतो."

हे ऐकून एरवी ती हसली असती. तिने ब्रश बादलीत सोडला, हात एप्रनला पुसले. "सगळ्यांना दिसत असेल," ती हळू म्हणाली. "नावेवरचीला एवढंही कळत नाही, असं म्हणत असतील." आणि ती घरात गेली.

सीब्रेनने दाढी केली, सूट घातला, बुटांच्या नाड्या बांधल्या. झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. दहाची कॉफी त्याने एकट्यानेच प्यायली. ती आली नाही तर काय करायचं, याचा विचार त्याने केला: गाडी आत ठेवायची, दार लावायचं, आणि लोकांना पाठदुखी सांगायची. पन्नास वर्षांत खोटं बोलायचा सराव तर झालाच होता. अकराच्या सुमाराला अंगणात लोक जमले, तेव्हा दार उघडलं. रिंस्के नव्या राखाडी पोशाखात बाहेर आली, कोणाकडे न बघता गाडीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. सोड्याने लाल झालेले, नखं बारीक कापलेले हात.

गावातून गाडी हळूहळू निघाली. लोक दारांत उभे होते. आणि जो तो तेच बोलत होता. बेकरीवाल्याची बायको खिडकीशी वाकून म्हणाली, "रिंस्के, तुझ्या हाताला तोड नाही. पन्नास वर्षं घासलीस, बघ कशी राखलीस गाडी."

सीब्रेनने समोर रस्त्याकडे पाहिलं. ती हो म्हणाली असती तरी त्याची काही हरकत नव्हती.

"मी घासून घालवली होती," रिंस्के म्हणाली. "ह्याने परत आणली." बेकरीवाल्याच्या बायकोला ते थट्टेतलं वाटलं आणि ती खूप हसली. रिंस्के हसली नाही. पण पुढच्या वळणावर तिने काच पार खाली केली आणि लोकांना हात करायला लागली.

बांधावरच्या रस्त्याला लागल्यावर थांबावं लागलं. मेंढ्या रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या आणि त्यांना कुठे जायची घाई नव्हती. ओहोटी होती, दूरवर चिखल चमकत होता, वर समुद्रपक्षी ओरडत होते. त्यातल्या एकाने नेम धरल्यासारखं बॉनेटवर घाण टाकली. पांढरी, करड्या खड्यांची, बरोबर मधोमध.

रिंस्केचा हात झटकन पर्समधल्या रुमालाकडे गेला. ती गाडीतून उतरली, रुमाल घेऊन बॉनेटपर्यंत गेली, आणि हात वर उचललेला तसाच राहिला.

"हे कसं पुसायचं?" तिने विचारलं.

आयुष्यात तिने कुणालाही हे विचारलं नव्हतं. सीब्रेन खाली उतरला. त्याने तिच्या पर्समधून आपल्या गोळ्यांसाठी आणलेली पाण्याची बाटली काढली, रुमाल तिच्याच हातात भिजवला आणि तो त्या डागावर नुसता पसरायला सांगितलं. घासायचं नाही. पाणी मुरू द्यायचं, मग रुमाल सरळ वर उचलायचा, सगळं त्याच्याबरोबर येतं.

"किती वेळ?"

"मऊ होईपर्यंत."

दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे भिजलेला रुमाल, त्याच्याभोवती निळ्या रंगात आभाळ. मेंढ्या उठल्या, एकेक करून बांधाच्या उतारावर गेल्या, आणि रस्ता मोकळा झाला. मागून एक ट्रॅक्टर येऊन थांबला. रिंस्केने रुमालावरची नजर न काढता हात वर केला आणि ट्रॅक्टरवाल्याला थांबायची खूण केली.