यल्लव्वाला बोलवायचं राहिलं

हिंडलग्याच्या आण्णाप्पांनी आपला बुद्धिबळाचा प्रोग्राम असा जपला होता, की निपाणीहून परशराम आला की ते आधी संगणकाच्या पडद्यावर पंचा टाकत आणि मगच चहा सांगत. परशरामाचाही धंदा तोच. त्याच्या बॅगेला कायम कुलूप. सत्त्याऐंशी साली अख्ख्या मुलखात बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहून विकणारे हे दोघेच, पण त्यांचं बोलणं हवापाण्यापुढे कधी सरकलं नाही.

आता आण्णाप्पा गेले होते. प्रोग्रामची नवी आवृत्ती अर्धवट राहिली होती. पुण्याचं गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं, आणि किल्लेकोट करायची, म्हणजे राजाला हत्तीच्या आड न्यायची, वेळ आली की यंत्र थिजून बसत होतं. हे सुधारलं नाही तर वडिलांचं काम त्यांच्याबरोबरच संपणार, हे जयाला कळत होतं. तिने संगणकाची पुस्तकं ढीगभर वाचली होती. पण वडिलांच्या प्रोग्राममधली एक ओळ उलगडत नव्हती.

परशराम भेटायला आला. रीतीप्रमाणे आत जाऊन वहिनींशी दोन शब्द बोलला. मग त्याला राहवेना.

"जया, पंचा काढू काय गं?"

 जयाने उठून तो स्वतःच काढला.

परशरामाने प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर वरखाली केल्या, डोकं खाजवलं. "हत्ती न्हाय, घोडा न्हाय, नुसती माणसं भरल्यात! ह्यो मष्णू कोण?"

"मामा. सरळ निघतात आणि मधेच वळतात."

"म्हंजे घोडा! आन् भावकू?"

"काका. वळणं माहीतच नाही. समोर येईल त्याला धडक."

"हत्ती. ही तानी?"

"आत्या. तिने हो म्हटल्याशिवाय घरात कुणी हलायचं नाही."

"चाल नियमात बसती का बघणारी! बेरड म्हातारा. चोरून नेलं तरी कळू नये म्हणून घराणंच कोंबलंय." तो पुढे वाकला. "हितं बघ. किल्लेकोटाला तानी म्हणती, आधी भावकूनं हलावं. भावकू म्हणतो, आधी तानीनं हो म्हणावं. दोघं बसल्यात तोंड फिरवून."

"लग्नाच्या पंगतीत हेच चालतं. बांधावरून भांडण आहे. शेवटी आई जाऊन दोघांना एकदम उठवते."

"वैनीचं नाव यल्लव्वा न्हवं?" परशरामाने शोधलं. "हाय की! सगळं लिवलंय बेस. फकस्त तिला बोलवायचंच राहिलंय."

"त्यात काय नवं?" स्वयंपाकघरातून यल्लव्वा म्हणाल्या. "जल्मभर त्येच केलं."

परशरामाने एक ओळ घातली. राजा निमूटपणे कोपऱ्यात गेला.

तो उठला नाही मात्र. "जया, ह्यो पर्शा कोण?" त्याने हळूच विचारलं. "समोरच्याची चाल आली, की पर्शा."

"आमच्या नात्यात कुणी पर्शा नाही, काका."

परशरामाने चष्मा काढून पुसला. "एवढ्या बाऱ्या हरलो मी, आन् मला पत्त्या न्हाय."

तो पंचा परत टाकायला गेला, तेवढ्यात जयाने कोरी फ्लॉपी पुढे केली.

"घेऊन जा."

"आण्णाप्पाला चाललं असतं?"

"नसतं." ती म्हणाली. "माणसांना हात लावू नका. समोरच्याचं नाव तेवढं बदला. स्वतःशी किती खेळणार?"

फ्लॉपी करकरत भरत होती. परशरामाने बॅगेचं कुलूप काढलं.

"आण्णाप्पाचं नाव घालतो," तो म्हणाला. "पर सांगून ठिवतो, हरवीन हां त्येला."

"बघू," जया म्हणाली.