पेटीची जागा

या, असे जवळ सरकून बसा. शोभनाकाकूंच्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो.

दोन हजार आठचा फेब्रुवारी, ग्रँड कॅन्यनच्याच राज्यातल्या चँडलर गावी शाळेचा हॉल. त्या वर्षी कॅन्यनला संरक्षण मिळून शंभर वर्षं होणार, म्हणून ते देणाऱ्या प्रेसिडेंटचं, थिओडोर रूझवेल्टचं आख्यान लावायचं, असं अनिलकाकांनी ठरवलं होतं. अनिलकाका म्हणजे काकूंचे यजमान आणि त्यांचे कायमचे पेटीवाले. आदल्या दिवाळीनंतर हार्ट अटॅकनं गेले.

काकूंनी मंडळाला सांगितलं, "त्यांनी ठरवलेलं एवढं पुरं करते. नाही जमलं, तर पुन्हा कीर्तनाच्या गादीवर उभी राहणार नाही."

डावीकडे पेटी ठेवली होती, बंद. दिवसभर कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात राबून तबल्यावर बसलेला अतुल म्हणाला, "काकू, ओळखीचा कीबोर्डवाला आहे. मॅनेज करतो. जागा रिकामी दिसते."

"दिसू दे. तू आधी जांभई मॅनेज कर."

रविवारची संध्याकाळ, उद्या सगळ्यांचं ऑफिस. पूर्वरंग कसाबसा पार पडला. बुक्का लागला, हार घातला गेला, आणि काकूंनी आख्यान लावलं. दम्यानं रात्ररात्र बसून काढणारं, पाखरांच्या नादी लागलेलं श्रीमंताघरचं पोर त्यांनी छान उभं केलं. मग आला अठराशे चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. एकाच घरात, एकाच दिवशी रूझवेल्टची आई गेली आणि बायकोही. दोन दिवसांची लेक तेवढी मागे राहिली.

इथे काकूंनी सवयीनं डावीकडे पाहिलं, सुरासाठी. सूर कुठून येणार? अतुलचा ठेकाही थांबला.

"पुढचं येत नाही मला," काकू म्हणाल्या आणि गळ्यातला हार काढू लागल्या.

पहिल्या रांगेतल्या मीनाक्षीमावशी हळूच म्हणाल्या, "शोभना, शोकावर आख्यान सोडत नाहीत गं. गाऊ नकोस. पुढे काय केलं त्यानं, एवढं नुसतं सांग."

"डाकोटाला गेला. गुरं राखली."

"मग बरा झाला?"

"कोण जाणे. बायकोचं नाव पुन्हा फारसं घेतलं नाही म्हणतात. तसाच कामाला लागला."

आणि काकू बोलत राहिल्या. चाल नाही, तान नाही, भाजी निवडताना बोलावं तसं. प्रेसिडेंट झाला, जंगलं राखली, पाखरांसाठी बेट राखलं. मग कॅन्यनच्या काठावर उभा राहून लोकांना म्हणाला, हे आहे तसंच राहू द्या. तुमच्यानं यात काही सुधारायचं नाही.

एवढं बोलून काकू बंद पेटीकडे पाहत राहिल्या. हार गळ्यातच होता.

"अतुल, कीबोर्डवाल्याला सांगू नकोस. पुढच्या महिन्यातही नको."

"पुढच्या महिन्यात कीर्तन आहे?"

"आरतीचा ठेका धर आधी."

गोष्ट एवढीच. कधी कॅन्यनला गेलात, तर कठड्याशी घटकाभर गप्प उभे राहा, आणि आमच्या पेटीवाल्या अनिलकाकांची आठवण काढा.