सात नंबरची बाटली

मामांनी सात नंबरची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. दुधासारख्या पांढऱ्या द्रवाच्या तळाशी स्वच्छ पाण्याची पट्टी दिसत होती.

तेल आणि पाणी किती महिने एकजीव राहतात, हे पीएच.डी. करणाऱ्या ताईंचं संशोधन. ताई लिखाणात बुडालेल्या, त्यामुळे बारा बाटल्या मामांच्या ताब्यात. रोज सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं, "फुटलं नाही," म्हणजे तेल-पाणी वेगळं झालेलं नाही. मामा म्हणजे प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेले मदतनीस. "मामांचा डोळा म्हणजे मोजपट्टी," असं ताईंचे मार्गदर्शक सर चारचौघांत सांगत. त्याच डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा मामांनी तोंड उघडलं नाही. मोजपट्टीने कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला दिसत नाही? शेवटी रजा काढून गुपचूप एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले, आणि आज सगळं लख्ख दिसत होतं.

बाटली एकदा हलवली की पट्टी नाहीशी होणार होती. प्रबंध उद्या द्यायचा होता, पदवीच्या भरवशावर नोकरीही ठरली होती. मामांचा अंगठा बुचावर गेला. मग त्यांनी बाटली अलगद फळीवर ठेवली.

ताई प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून आत आल्या. "मामा, आभारात तुमचं नाव सरांच्याही वर टाकलंय. त्यांना सांगू नका हं!"

"ताई, बसा जरा."

"आता बसायला वेळ कुठंय?"

"बसा म्हणतो ना. मला दिसत नव्हतं. चार-पाच महिने अंदाजानेच लिहीत होतो. सात नंबर फुटलीय. नऊपण."

ताई वाकून एकेक बाटली बघत गेल्या.

"एकदा सांगायचं तरी, मामा. मी बघितलं असतं."

"लाज वाटली."

"वर्ष गेलं माझं. नोकरीपण गेली."

"होय," मामा म्हणाले. ताईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. रडू आलं ते मामांनाच, आणि नव्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ताईंनी प्रबंधाचा गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला आणि शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. मान वर केली नाही.

"बाटल्यांत काय दिसतं ते वाचा," त्या म्हणाल्या. "एक नंबरपासून. तुम्हीच वाचा."

मामांनी बाही डोळ्यांखालून फिरवली आणि पहिली बाटली उचलली.