तळहातावरचा येसर

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पत्र्याचं एक लांबट शेड आहे. तिथं बायका येसर करतात, आमटीला लावायचं भाजणीचं मसालेदार पीठ. त्या शेडात एक रीत होती. ज्वारी, गहू, डाळ, धने, खोबरं, सगळं भाजून दळून झालं की पहिली चिमूट नंदाबाईंच्या तळहातावर यायची. नंदाबाई हात नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बराबर." मगच मीना पाकिटं बंद करायचं मशीन चालू करायची. त्याआधी प्रत्यक्ष कलेक्टर दारात उभा राहिला असता तरी मीनानं बटणाला हात लावला नसता.

रीत नंदाबाईंच्या माहेरची, पिंपळगाव रेणुकाईची. त्यांच्या लहानपणी लग्नघरी चार दिवस आधी बायका येसर भाजायला बसायच्या. पहिली चिमूट मोठ्या चुलतीच्या हातावर ठेवायच्या. चुलतीनं मान हलवली तर ठीक, नाहीतर पुन्हा चूल पेटायची आणि कुणी कुरकुर करायचं नाही. मग मांडवात पंगत बसायची. येसराची आमटी पातळ, पत्रावळीतून पळायची, तिला अडवायला भाताचा बांध घालावा लागायचा. वाढप्यांची पळापळ, गॅसबत्तीची फुस्स, आणि त्या सगळ्यावर पसरलेला तो वास. भाजल्या धन्याचा, खोबऱ्याचा, दगडफुलाचा. गावाच्या शिवेवर आलेल्या माणसाला त्या वासावरून कळायचं की आज लग्न आहे.

त्या वासाच्या जोरावरच नंदाबाईंनी हा उद्योग उभा केला. मालक वारले, पोरगं शिकायचं होतं, तेव्हा घरच्या परातीत येसर कालवून त्या बाजारात बसल्या. मग बदरुन्निसा आली, मीना आली, आणखी बायका आल्या. शेड झालं. पाकिटावर नंदाबाईंचा फोटो आला, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकदा खोबरं किंचित जुनं होतं तर त्यांनी सबंध पिंप ओतून दिलं होतं. त्या पिंपाची गोष्ट अंबडपर्यंत गेली होती. नंदाबाईचं नाक म्हणजे नाक, असं लोक म्हणायचे.

आणि ते नाक गेलं होतं.

करोनाच्या दुसऱ्या फेऱ्यात अख्खं घर आजारी पडलं. सगळ्यांचा वास गेला आणि सगळ्यांचा परत आला. नंदाबाईंचा आला नाही. आधी वाटलं, आठवड्यात येईल. मग वाटलं, पावसाळा सरू द्या. एकदा त्या ओट्याशी उभ्या असताना दूध करपून काळं झालं, आणि नात आकांक्षा बाहेरून धावत आली, "आजी, तुला कळलं कसं न्हाई?" त्या म्हणाल्या, बाई माझं ध्यान नव्हतं. त्या दिवशी त्यांना समजलं की वास आता परत यायचा नाही.

जिभेला तिखट कळे, मीठ कळे, बाकी सगळा भुसा. पण शेड चालू होतं आणि त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या, एकट्या नंदाबाईंची नव्हे. नंदाबाईचं नाक गेलं म्हटल्यावर नंदाबाईचा येसर कोण घेणार? म्हणून रोज चिमूट हातावर यायची, रोज त्या डोळे मिटायच्या आणि रोज म्हणायच्या, "बराबर."

अगदीच आंधळेपणानं नव्हे. धने तडतडायचे थांबले की आच पुरे झाली, हे कानाला कळायचं. रंग डोळ्याला कळायचा, दळण बोटाला कळायचं. आणि उरलेलं कळायचं बदरुन्निसाच्या तोंडावरून. ती भाजणीला असायची. काही बिघडलं की तिची डावी नाकपुडी जराशी वर जायची. डोळे मिटण्याआधी नंदाबाई तिच्याकडे एक नजर टाकायच्या, बस्स. तीन वर्षं त्या नाकपुडीवर सगळा कारभार चालला होता.

या दिवाळीनंतर जालन्याहून राधेश्यामशेठचा फोन आला. हे त्यांचे जुने व्यापारी, सगळा माल त्यांच्याच दुकानातून जायचा. शेठ फोनवरच इतके खूश होते की नंदाबाईंना आधी वाटलं घरात नातू झाला. नातू नव्हता, येसर होता. दिवाळीआधी जो माल आला होता त्यातली एक खेप काही वेगळीच निघाली होती. गिऱ्हाईक फिरून फिरून तोच मागत होतं. आमटी उकळली की शेजारीण विचारायला येते, असं बाया सांगत होत्या.

"काय टाकलं हो त्याच्यात?" शेठ म्हणाले.

नंदाबाईंनी काहीच टाकलं नव्हतं. त्यांना तर खेप वेगळी होती हेच ठाऊक नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "असंच. जरा बदल करून पाह्यला."

"मानलं तुम्हाला. या वयात माणसं जुनं धरून बसतात. तुम्ही नवं काढलं." आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुण्याचे एक मोठे व्यापारी यायचे होते, गुरुवारी. त्यांना तोच येसर हवा होता, पण नंदाबाईंच्या हातानं होताना डोळ्यांनी बघायचा होता. जमलं तर वर्षाचा माल तेच उचलणार.

फोन ठेवून नंदाबाई शेडाच्या पायरीवर बसून राहिल्या. वर दारावर फ्लेक्स लागला होता, त्यात त्यांचाच चेहरा, खाली जोडलेले हात. आजवर त्या चेहऱ्याखालून त्या रोज आत जायच्या. आज तो चेहरा राखणीला बसवल्यासारखा वाटला. कुणाला विचारावं? "या खेपेत काय होतं?" असं विचारणं म्हणजे मला कळलं नव्हतं असं सांगणं. आणि न विचारावं तर गुरुवारी पुण्याच्या माणसासमोर काय भाजणार?

त्या खेपेचं एक पाकीट राहिलं होतं. ते त्यांनी घरी नेलं. रंग तोच, दळण तेच. चिमूट जिभेवर ठेवली, तिखट लागलं, मीठ लागलं, पुढे भिंत. पूर्वी त्याच जिभेनं त्यांनी सांगितलं असतं की धने कुठल्या बाजारातले आहेत. आता त्या परक्याच्या घराचं दार वाजवून बसल्यासारख्या त्या चिमटीपुढे बसल्या होत्या.

शेवटी त्यांनी सुनेला आमटी करायला सांगितली. रात्री सगळे जेवायला बसले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तोंडं बघत राहिल्या. मुलानं दोनदा आमटी घेतली. आकांक्षानं भुरका मारला आणि म्हणाली, "आजी, ही आपल्या लग्नातल्यासारखी न्हाई लागत. उरसातल्यासारखी लागती. बदरआजीकडं खाल्ली होती ना, तशी."

नंदाबाईंचा हात ताटातच थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका भाकरी खाऊन लवंडल्या होत्या. बदरुन्निसा मागं लिंबाखाली सुपात धने पाखडत होती. नंदाबाई तिच्यासमोर बसल्या आणि ते पाकीट दोघींच्या मध्ये ठेवलं. बदरुन्निसानं पाकिटाकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"भाभी, ह्याच्यात काय हाय?"

बदरुन्निसा पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पोटलीचा मसाला. आमच्या घरचा. खस, पानाची मुळी, वाळल्या गुलाबाच्या पाकळ्या. सासू हैदराबादेकडची होती माझी, तिच्या हातचा."

"कशाला टाकला?"

"तुम्हाला कळतं का बघायला."

लिंबाची पानं सळसळली. नंदाबाईंना वाटलं आपण उठून जावं, पण त्यांनी ते पाकीट उचलून मांडीवर घेतलं.

बदरुन्निसा सांगत गेली. तिला संशय फार आधीपासून होता. एकदा उंदराच्या औषधाची बाटली सांडली होती, शेडभर घाण वास, आणि नंदाबाई शेजारी बसून चहा पीत होत्या. तेव्हापासून ती बघत होती. विचारायची हिंमत होईना. म्हणून पोटली टाकली. वाटलं होतं, नंदाबाई हात झटकतील, शिव्या घालतील, पिंप ओतून द्यायला लावतील, आणि मग एवढ्या दिवसांचा संशय फिटेल.

"तुम्ही म्हन्ल्या, बराबर. मीनानं मशीन चालू केलं. मी घाबरून गेल्ते, बाई. आता काय सांगू, कुणाला सांगू."

"तवाबी मी तुझ्याकडं पाह्यलंच असंल. तुझ्या तोंडावर तर काही नव्हतं."

यावर बदरुन्निसा हसली, पण हसू काही गोड नव्हतं. "तोंडावर यायला दिलंच न्हाई मी. मला ठाऊक हाय ना, तुम्ही माझं तोंड वाचून राह्यल्या. दोन वर्सं झाली. मला सर्दी झाली तर मी घरी बसू शकत न्हाई अन् कामावरबी येऊ शकत न्हाई. नाक बंद असलं तरी नाक असल्यासारखं करायचं. तुम्ही अडकल्या ते अडकल्या, मलाबी सोबत बांधून ठेवलं."

नंदाबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. आपण एकट्याच कोंडलो आहोत असं त्या धरून चालल्या होत्या.

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. गुरुवारी तू कर, मी सगळ्यांदेखत सांगते की हा येसर तुझा. बदरुन्निसानं नाही म्हणून मान हलवली. तिचं म्हणणं, येसर खपतो तो पाकिटावरच्या कुंकवावर. लग्नघरची माणसं चौकशा करतात. मसाला कुणाच्या घरचा हे उघड झालं तर कुणी खाईल, कुणी नाही खाणार. आणि नाकाचं उघड झालं तर कुणीच नाही. शेडातल्या बायांनी मग जायचं कुठं?

"मंग तुला काय पाहिजे, भाभी?"

"मला नाव नको. पर माझ्या हातचं हाय त्याला माझ्या तोंडानं बराबर म्हनायला मिळावं. एवढंच."

गुरुवारी शेठ पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे तरुण, हसरे, मोबाईल हातात धरूनच आत आले. बायकांनी नव्या साड्या नेसल्या होत्या. नंदाबाई कढईपुढे बसल्या आणि बदरुन्निसा एकेक जिन्नस त्यांच्या हातात देत गेली. पोटली शेवटी दिली, तीही अशी की जणू नंदाबाईंनी मागितली. पाहुणे मोबाईलवर चित्रण करत होते आणि अधूनमधून शेठना सांगत होते की नेतृत्व म्हणतात ते हे, साठीनंतरही कल्पकता जिवंत पाहिजे. शेठ माना डोलवत होते. नंदाबाईंच्या पाठीवरून घामाची धार उतरत होती.

दळून झालं. मीनानं पहिली चिमूट आणली आणि तळहातावर ठेवली. मोबाईल जवळ आला.

नंदाबाईंनी हात नाकाशी नेला. सवयीनं डोळे मिटले. आत काळोख आणि त्या काळोखात काहीच नाही, ना धने, ना खोबरं, ना चुलतीचा मांडव. त्यांनी डोळे उघडले.

"मला वास येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं झाली."

पाहुणे मोठ्यानं हसले. शेठही हसले. "बाईंचा विनोद," शेठ म्हणाले. "मोठी माणसं अशीच बोलतात."

बायका हसल्या नाहीत. मीना मशीनकडे बघत होती. दुसरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सगळ्यांच्या माना खाली. नंदाबाईंनी एकेकीकडे बघितलं आणि त्यांना समजलं की इथं कुणालाच नवं काही ऐकू आलेलं नाही.

त्या उठल्या. हात तसाच पुढे धरून शेडाच्या दुसऱ्या टोकाला, तिथं जाऊन उभ्या राहिलेल्या बदरुन्निसाकडे गेल्या आणि तळहात तिच्यासमोर धरला. बदरुन्निसा मागं सरकली. नंदाबाई हलल्या नाहीत. त्यांनी हात आणखी पुढं केला, येसर सांडायच्या बेतात आला. तेव्हा बदरुन्निसानं दोन्ही हातांनी तो तळहात खालून धरला आणि नाक टेकवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "खस कमी पडली. अजून थोडी लागंल."

शेठनी गोंधळून नंदाबाईंकडे बघितलं.

"भाभी म्हन्ती तेच," नंदाबाई म्हणाल्या.

खस पडली. पुन्हा दळलं, पुन्हा चिमूट आली. या वेळी बदरुन्निसानं वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बराबर." मीनाचा हात बटणावर होता, पण तिनं बटण दाबलं नाही. ती नंदाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळ्याच बघत राहिल्या. शेवटी नंदाबाईंनाही म्हणावं लागलं, "बराबर." मग मशीन चालू झालं.

पाहुणे फारच खूश झाले. हाताखालच्या माणसाला असं पुढं करणारी बाई आपण पाहिली नाही, असं त्यांनी जाताना सांगितलं. नंदाबाईंनी शेठना बाजूला घेऊन म्हटलं, नव्या पाकिटावर भाभीचं नाव टाका. शेठ म्हणाले, बघू. पाकिटं आली तेव्हा त्यांवर नंदाबाईंचाच फोटो होता, आधीपेक्षा मोठा, आणि खाली लिहिलं होतं, नंदाबाईंची नवी चव.

ते पाकीट त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. मग गठ्ठा मीनाकडे सरकवला. दुसरं काय करणार? माल भरायचा होता.

त्याच आठवड्यात बदरुन्निसा शेडात आली ती नाक लाल करून. दारातच तिनं एक शिंक दिली, मग दुसरी, मग तिसरी, अशा मोठ्या की मीनाच्या हातातलं सूप हललं. एवढ्या वर्षांत तिला कुणी शेडात असं शिंकताना ऐकलं नव्हतं. बायका खदखदून हसल्या.

"आता वास कोण घेणार?" मीना म्हणाली.

नंदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू ये. शिकावं लागंल तुला."

मीना हात पुसत दारापाशी आली. नंदाबाईंनी चिमूट आपल्या तळहातावर घेतली आणि तिच्यापुढे धरली. डोक्यावर फ्लेक्समधला चेहरा हात जोडून हसत होता. मीनानं भीत भीत वास घेतला आणि काही बोलण्याआधी, रोजच्यासारखं, नंदाबाईंच्या तोंडाकडे बघितलं.

नंदाबाईंनी हात तसाच पुढं ठेवून तोंड फिरवलं आणि बाहेरच्या हायवेकडे बघत उभ्या राहिल्या.